दत्त चौकाच्या पुढे टिकणारा वास

कोलोन, जर्मनी
वैशाखातला रविवार

ती. बाबा व ती. आई यांस,


बाबा, तुमचा निरोप पोचला. निरोप कसला, तक्रारअर्जच तो. "पोरी, तुह्या त्या शिशीचा वास दत्त चौक येईस्तोवर उडून जाते. दुकानदाराले वापस दे अन् पैसे मांग." हे तुम्ही व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलंत आणि मी ते भर ट्राममध्ये ऐकलं, तेही कानात काही न खुपसता. शाळेच्या मैदानावर कवायत घेतलेला आवाज तुमचा. समोरच्या जर्मन आजीबाईंनी पर्स छातीशी धरली.

उत्तर फोनवरही देता आलं असतं. पण न पटणारं काही सुरू झालं की तुमच्याकडे नेमका "आवाज कटून राहिला" होतो. पत्रात ती सोय नाही.

तर तुम्ही मागवलेली कोलोनची शिशी. ती ज्या गावची, त्याच गावात मी राहते, म्हणून जरा अधिकारानं सांगते. योहान मारिया फारिना नावाचा एक इटालियन माणूस होता, तो पुढे या गावात येऊन राहिला. 1708 साली त्यानं भावाला पत्र लिहिलं, की मी असा सुगंध तयार केलाय की पाऊस पडून गेल्यावरची आपल्याकडची वसंतातली सकाळ आठवावी. (परमुलखातून घरच्यांना वासाविषयी पत्र लिहायची ही रीत 300 वर्षांची आहे, हे तुमच्या जावयांना मी बजावून सांगितलंय. ते मघापासून "फोन का नाही करत" म्हणून मागे लागलेत.) 1709 मध्ये त्या घराण्याची पेढी सुरू झाली, ती अजून चालू आहे. दुसरी नावाजलेली पेढी 4711. हा त्यांच्या घराचा जुना नंबर, फ्रेंचांच्या अमलात पडलेला. त्यांच्या दुकानात कोलोनचं छोटं कारंजं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं खुशाल हात बुडवावा. तुमच्या नातीनं कोपरापर्यंत बुडवले. घरी येईस्तोवर वास गायब. म्हणजे तुमची तक्रार खानदानी निघाली.

पण बाबा, उडून जाणं हेच त्या पाण्याचं काम आहे. मला लहानपणी ताप चढला की आई कपाळावर कसल्या घड्या ठेवायची? युडीकोलनच्याच ना? त्यातलं अल्कोहोल भराभर उडतं, उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं, म्हणून कपाळ गार पडतं. तेव्हा ते उडायचं म्हणून आपण त्याला औषधाच्या कपाटात मानानं ठेवलं, आणि आता उडतं म्हणून पैसे वापस! शिवाय त्यात सुगंधी तेल असतं शंभरात 2 ते 5 भाग, बाकी अल्कोहोल आणि पाणी. तेलही बहुतेक संत्रं, लिंबू, बर्गमॉट असल्या फळांच्या सालींचं. त्यांचे रेणू हलके, त्यांना बसून राहणं माहीत नाही. इथल्या गारठ्यात ते तास-दोन तास कसेबसे थांबतात. आपल्याकडे वैशाखात पारा 44-45 वर, हवा कोरडीठाक, त्यात तुम्ही दुपारी बाराला स्कूटर काढणार. दत्त चौकापर्यंत टिकला, यातच त्या फारिनाचं कौतुक करा. नेपोलियनला या कोलोनचं भारी वेड होतं, शिशांवर शिशा लागायच्या म्हणतात. बादशहाला पुन्हा पुन्हा लावावं लागत होतं, आणि तुम्हाला एका फवाऱ्यात आपली जुनी शकुंतला एक्सप्रेस मूर्तिजापूरला जाऊन परत यायची तेवढा वेळ वास हवा!

टिकाऊ हवं असेल तर शिशीवर ओ द परफ्यूम लिहिलेलं लागतं. त्यात तेल साधारण 15 ते 20 टक्के. पण नुसतं टक्क्यांनी भागत नाही, आत काय आहे ते बघायचं. चंदन, वाळा, ऊद, कस्तुरीच्या वासाची रसायनं ही जड मंडळी. ती सावकाश उठतात, सावकाश जातात, आणि जाताना हलक्यांचाही हात धरून ठेवतात. वाळा म्हणजे तोच, आई माठात टाकते तो. इकडे महागातल्या महाग पुरुषी सेंटांच्या तळाशी तो असतो. दुकानातली मुलगी मला पुठ्ठ्याची पट्टी हुंगवून "मातीची, मुळांची, गूढ अशी छटा" वगैरे सांगत होती. मी डोळे मिटले तर पुढ्यात आपला कूलर, खसची ताटी, आणि मोटर बंद पडली म्हणून त्यावर बुक्की मारणारे तुम्ही. गूढ कसलं त्यात!

आता तुमच्या पद्धतीकडे येते. आईनं तुमचा व्हिडिओ पाठवलाय, त्यामुळे नाही म्हणू नका. तुम्ही लाल साबणानं खसाखसा आंघोळ करता, अंग खडखडीत कोरडं करता, मनगटावर चार फवारे मारता आणि मग दोन्ही मनगटं तंबाखू मळल्यासारखी मळता. शेवटी हातावर टाळी तेवढी मारायची राहिली. घासल्यानं सुगंधाचे रेणू मोडतात असं पुष्कळ जण सांगतात, ते काही खरं नाही, रेणू इतके लेचेपेचे नसतात. पण घासून कातडी गरम होते, वास पसरून पातळ होतो आणि वरचा ताजा थर लवकर उडतो. फवारा मारायचा आणि गप बसायचं. गप बसणं तुम्हाला जड जाईल, पण अर्धा मिनिटच.

दुसरं, कोरड्या कातडीवर वास टिकत नाही. सुगंधाला तेल लागतं. आंघोळीनंतर अंग जरा ओलसर असताना बिनवासाचं मलम किंवा थोडं व्हॅसलीन मानेला, मनगटाला चोळा, आणि त्यावर सुगंध. खोबरेल नको, त्याचा स्वतःचाच वास एवढा ठाम असतो की फारिना त्यात गुदमरेल. आणि शिशी खिडकीच्या फळीवरून हलवा. तिथे चार वाजेपर्यंत ऊन येतं. ऊन आणि उष्णता यांनी संत्र्या-लिंबाची तेलं आधी बिघडतात. कपड्यांच्या कपाटात अंधारात ठेवा, टोपण घट्ट लावून.

आणि कांदा. ऊन लागू नये म्हणून तुम्ही खिशात कांदा घेऊन निघता, त्याविरुद्ध मी काही बोलणार नाही. तो आपल्या जिल्ह्याचा धर्म आहे. पण एका खिशात कांदा आणि गळ्याला कोलोन, तर चौकापर्यंत कोण जिंकणार हे कोणीही सांगेल. निदान वास मानेवर न लावता तोंडाला बांधायच्या दुपट्ट्याच्या आतल्या घडीला लावा. कापडावर वास कातडीपेक्षा जास्त वेळ राहतो, कारण कापडाला घाम नाही आणि अंगची ऊब नाही. पांढऱ्या सदऱ्यावर मात्र अत्तर थेट लावू नका. पिवळा डाग पडतो आणि तो आईच्या नावावर जमा होतो.

एवढं सांगितल्यावर तुम्ही विचारणारच, "मंग सगळ्यात जास्त टिकते काय?" आई, हे तू मोठ्यानं वाच. सगळ्यात जास्त टिकतात तुझे मेथीचे लाडू.

चेष्टा नाही करत. थंडीत तू पाठवलेले लाडू मी रोज एक याप्रमाणे खात होते. ऑफिसात एक सहकारी बाई दोन-तीनदा जवळ येऊन गेली, मग न राहवून म्हणाली, "कोणतं परफ्यूम वापरतेस? कॅरॅमलसारखं, संध्याकाळपर्यंत तसंच राहतं." मी काहीच लावलं नव्हतं. मेथीत सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, ते पोटातून थेट घामात उतरतं आणि नाकाला त्याचा कणभरही पुरतो. थोडं असलं तर त्याचा वास जळक्या साखरेसारखा, मेपलच्या पाकासारखा. न्यूयॉर्कमध्ये 2005 पासून अधूनमधून शहरभर असा गोड वास यायचा. लोक फोन करकरून विचारायचे, काही विषारी तर नाही ना? शेवटी 2009 मध्ये शोध लागला: नदीपल्याड न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालली होती. अख्खं न्यूयॉर्क ज्यानं हवालदिल केलं, ते तू स्टीलच्या डब्यात भरून, वर गोधडी गुंडाळून मला पाठवतेस. सहकारी बाईंना मी "घरगुती आहे, भारतातून येतं" एवढंच सांगितलं. त्यांनी किंमत विचारली.

दुसरा टिकाऊ वास फोडणीचा. हिंग-लसणाची फोडणी दिली की लोकरीचा कोट तो आठवडाभर धरून ठेवतो. लोकर आणि गंधकाची द्रव्यं यांची सोयरीक फार घट्ट. म्हणून आमच्याकडे स्वयंपाकाआधी कोट बेडरूममध्ये कोंडतात आणि दाराखाली टॉवेल लावतात. पाहुण्यांना वाटतं आत कुणी आजारी आहे.

तुमच्या जावयांनी या फोडणीवर इलाज म्हणून एक कडक उदाचं सेंट आणलं आणि त्यातून वेगळंच रामायण घडलं. आपल्या नाकाचं असं आहे की एकच वास सतत आला की काही मिनिटांत ते त्याची नोंद घेणं सोडून देतं. वास जागच्या जागी असतो, आपण तेवढे आंधळे होतो. यांना वाटलं उडाला, म्हणून आणखी दोन फवारे. लिफ्टमध्ये पुन्हा दोन. त्यांच्या मीटिंगमध्ये म्हणे बाहेर बर्फ पडत असताना कोणीतरी उठून एक खिडकी उघडली, मग दुसऱ्यानं दुसरी. तसं इथे खिडक्या उघडून खोलीत वारं खेळवणं हा राष्ट्रीय छंदच आहे, घरभाड्याच्या करारातसुद्धा कलम असतं. पण दोन्ही खिडक्या आणि वर दार? हे घरी येऊन म्हणाले, "जर्मन लोकांना हवेची फारच आवड." मी त्यांना दोन हात लांब बसवलं आणि समजावलं, की आपल्या अंगाचा वास आहे की गेला याची पंचाईत आपण करायची नाही, दुसऱ्याला विचारायचं. बाबा, तुम्हीही आईला विचारा. ती खरं सांगते. न विचारताही सांगते.

कदाचित तुमचाही वास चौकात गेलेला नसेल, फक्त तुम्हाला येईनासा झाला असेल. पानठेल्यावरच्या मंडळींना एकदा विचारून बघा.

नाहीतर सरळ जुना उपाय करा. आर्णीच्या उरुसातून आणलेली मजमुआ अत्तराची कुपी आजोबांकडे होती, आठवते? ते कानात फाया ठेवायचे. अत्तरात अल्कोहोल नसतं, तेलच. कनौजला तांब्याच्या डेगेत फुलं उकळून त्याची वाफ खाली भपक्यात चंदनाच्या तेलात मुरवतात. चंदन परवडेनासं झाल्यामुळे आता बरेच जण दुसरी बिनवासाची तेलं वापरतात, पण तत्त्व तेच: उडणाऱ्याला जड माणसाच्या गळ्यात बांधायचं. आजोबा काय करायचे? आपल्याच शेतातला कापूस, चिमूटभर, सरकी काढलेला. बोटांनी विंचरून त्याची वाटाण्याएवढी गोळी करायची, कुपीची काडी तिला एकदाच टेकवायची आणि गोळी कानाच्या वरच्या घडीत बसवायची, भोकात नाही. तिथे ऊन लागत नाही, घामाची धार येत नाही, हात घासला जात नाही. कापसाचा तंतू तेल शोषतो आणि कंजूष माणसासारखा थोडं थोडं सोडतो. रात्री ते झोपाळ्यावर बसले की मजमुआ येतच असायचा. मुलूख कापसाचा, रेल्वे कापसासाठी घातलेली, आणि जर्मनीहून मागवलेलं सेंट टिकत नाही म्हणून तुम्ही मलाच ओरडता!

हळदीकुंकवाला बायकांच्या हातावर अत्तर लावायची चाल पडली ती उगाच नाही. मनगटाची आतली बाजू टेबलाला, पदराला सारखी घासते. हाताची वरची बाजू त्यामानानं निवांत असते. आईच्या अत्तरदाणीची काडी बरोबर तिथेच टेकते. तिला कोणी पुठ्ठ्याच्या पट्ट्या देऊन शिकवलं नव्हतं.

शिशी मात्र फेकू नका. वैशाख सरेपर्यंत दुपारी मानेवर, कपाळावर शिंपडायला तिच्याइतकी गार वस्तू नाही. संध्याकाळी मित्रमंडळीत बसताना फाया. दोन्ही एकदम नकोत. दत्त चौक काही एवढा मोठा नाही.

पुढच्या महिन्यात तुमच्या जावयांचे एक मित्र नागपूरला येताहेत. त्यांच्यासोबत चंदनाच्या वासाचं, तेल जास्त असलेलं एक छोटं सेंट पाठवते. परतीला त्यांच्याकडे वाळ्याची जुडी, थोडा धुतलेला कापूस आणि लाडू द्या. आई, लाडू दोन पिशव्यांत बांध. मागच्या वेळी त्यांच्या कोटालाही मेथी लागली होती. आणि डबा मिळाला तरी मी तो एका मंगळवारनंतरच उघडणार आहे. त्या मंगळवारी माझी नव्या जागेसाठी मुलाखत आहे, खोली छोटी आहे आणि मुलाखत घेणारे तिघं आहेत.

नातीचा आजी-आजोबांना नमस्कार. जावई सध्या बिनवासाचे आहेत, त्यांचाही.

तुमची,
पोट्टी