भर चौकातला निकाल

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, म्हणजे सोळा बाजूंनी धडकायची सोय आहे. नांदेडच्या वर्कशॉप कॉर्नरला किंवा देगलूर नाक्यावर रस्ते कमी, पण हौस तेवढीच. अशा ठिकाणी एखादी मोटारसायकल रिक्षाला घासून आडवी झाली, की पाचव्या मिनिटाला निकाल हातात. न्यायाधीश पानटपरीवरून येतात आणि गाडी जितकी मोठी तितका दोष मोठा, हे एकच कलम सगळ्यांना पाठ असतं. पडलेला उठून उभा राहिला, की अपघात किरकोळ. मग एक जण पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून वाकलेलं हँडल पिळून सरळ करतो, दुसरा पाण्याची बाटली पुढं करतो, तिसरा रिक्षावाल्याला सांगतो, ‘‘सोडा हो मालक, पाचशे देऊन मोकळे व्हा.’’ इतका जलद आणि बिनखर्ची न्याय देशात दुसरीकडे मिळत नाही. त्यात खोट एवढीच, की निकाल लागतो पाचव्या मिनिटाला आणि पुरावा यायला लागतो रात्री.

पहिला पुरावा शरीर देतं. डोक्याला मार लागून कवटीच्या आत रक्त साकळत असेल, तर माणूस काही तास नीट बोलतो, चालतो, पंचांसोबत चहासुद्धा घेतो आणि मग उलट्या, गुंगी सुरू होऊन कोसळतो. चौकातल्या खंडपीठाकडे सीटी स्कॅन नसतं; त्यांची तपासणी ‘‘चक्कर येत नाही ना?’’ या प्रश्नावर संपते. दुसरा पुरावा हेल्मेटचा. त्याच्या आतला थर्माकोलसारखा थर धक्का झेलताना दबतो आणि पुन्हा फुगत नाही. जोराचा मार बसलेलं हेल्मेट बदलायचं असतं. आपल्याकडे ते रुमालानं पुसून परत आरशाला टांगतात, कारण हजार रुपयांचा दंड चुकवण्यापुरतं ते अजून धडधाकट असतं. तिसरा पुरावा खुद्द गाडी देते. हँडल सरळ दिसतं, पण शॉकअप वाकलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी एका बाजूला ओढू लागते. तोवर पाचशे रुपये खर्च झालेले असतात आणि रिक्षाचा नंबर कुणाच्याच लक्षात नसतो. मोबाइलवर चित्रीकरण करणारे दहा जण होते खरे, पण त्यांनी नंबर सोडून बाकी सगळं टिपलेलं असतं.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, विमा आहे की! आहे, पण बहुतेकांचा तो फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपण ज्याला ठोकलं त्याच्या भल्याचा. आपलं मडगार्ड, आपला गुडघा त्यात बसत नाही. फुल्ल इन्शुरन्सवाल्याचं गणित आणखी मजेशीर. प्लास्टिकच्या भागांवर निम्मी घट कापली जाते आणि एक दावा केला, की वर्षानुवर्षं साठवलेली, 50 टक्क्यांपर्यंत जाणारी नो क्लेम बोनसची सवलत शून्यावर येते. तेव्हा इंडिकेटर आणि ब्रेक पेडलसाठी जो दावा करत नाही, त्याला वेडा ठरवता येणार नाही. विम्याची रचनाच अशी, की शहाण्यानं गॅरेजवाल्याकडे जावं. पण डोकं आपटलेल्यानं दवाखान्यात जाऊ नये, असं या गणितात कुठंही लिहिलेलं नाही. ते कलम चौकानं आपल्या पदरचं घातलं.

दुसरा आक्षेप पोलिसांबद्दलचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 सांगतं, की कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकानं फार तर 24 तासांत पोलिसांना कळवावं. लोक विचारतात, कळवून त्या रस्त्याचं काय होतं? प्रश्न रास्त आहे. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणारा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग घ्या. त्यावरच्या साधारण 500 मीटरच्या तुकड्याला ब्लॅक स्पॉट म्हणवून घ्यायचं, तर तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात लागतात, नाहीतर 10 मृत्यू. लातूर पॅटर्नच्या मुलखाला कटऑफ समजावून सांगायची गरज नाही. खरचटलेल्या कोपराला इथं अर्धाही मार्क नाही. म्हणजे चौक म्हणतो उभा राहिला ना, विमा म्हणतो परवडतंय का बघा, आणि सरकार म्हणतं अजून कुणी मेलं नाही. तिघांचं इतकं एकमत एरवी मराठवाड्याच्या पाण्यावरही होत नाही.

तरीही नोंद करावी, कारण रात्री प्रकृती बिघडली तर दुपारी अपघात झाला होता, हे सांगणारा तेवढा एकच कागद असतो. पंच पानटपरीवरून कधीच पांगलेले असतात. ठाण्यात गेलं की गाडीच अडकवून ठेवतील, ही भीती सगळीच खोटी नाही. म्हणून गाडी हलवण्याआधी फोटो काढावा, समोरच्याचा नंबर लिहून घ्यावा, दवाखान्यातून केसपेपर घ्यावा आणि लेखी अर्ज देऊन पोचपावती मागावी. अडचण शेवटच्या पायरीवर आहे. आपल्याकडे पोचपावती मागणारा माणूस ठोकर मारून पळालेल्यापेक्षा जास्त संशयित असतो.