आजीच्या गावचा गुन्हा

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये प्रवेश फुकट आहे, हे कळताच वाईहून आमच्याकडे आलेल्या आईने शनिवारी रात्रीच थालीपिठं थापली.

साउथ केन्सिंग्टन स्टेशनापासून म्युझियमकडे जमिनीखालून लांबलचक भुयार जातं. चार वर्षांच्या चिनूने त्यात दहा पावलं टाकली आणि ‘माझे पाय संपले’ असं जाहीर केलं. उरलेलं भुयार त्याने माझ्या खांद्यावरून पाहिलं.

१८८१ साली खुली झालेली ही इमारत इतकी देवळासारखी, की आईने दारातच विचारलं, “चपला कुठे काढायच्या रे?” आत कमानींवर चढणारी भाजक्या मातीची माकडं पाहून तर तिची खात्रीच पटली.

सात वर्षांच्या ओवीला मी आठवडाभर सांगत होतो, की शिरल्या शिरल्या २६ मीटरचा डिप्पी डायनासोर दिसेल. दिसला देवमासा! २०१७ पासून तिथे निळ्या देवमाशाच्या मादीचा सांगाडा टांगलाय. लांबी २५ मीटर, वजन साडेचार टन, १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर येऊन अडकलेली.

“बाबांची माहिती जुनी असते,” ओवीने आजीला समजावलं.

“डिप्पी प्लॅस्टरचा होता, ही हाडं खरी आहेत,” मी बाजू सावरली.

आई वर बघत हळहळली, “किती वाळलीय गं बिचारी!”

डायनासोरांच्या दालनात टी. रेक्स आहे. यंत्राचाच, पण मान वळवतो, डरकाळी फोडतो. पहिल्या डरकाळीला चिनूचे संपलेले पाय परत आले आणि तो माझ्या खांद्यावरून थेट डोक्यावर चढला.

“हे सगळे मेले कसे?” ओवीने विचारलं.

गेलेली पत परत मिळवायची हीच संधी होती. म्हटलं, “६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोत एक प्रचंड अशनी आदळला. त्याच सुमाराला आपल्या दख्खनमध्ये ज्वालामुखींचा लाव्हा थरावर थर साचत होता. आजीच्या वाईचा पसरणी घाट त्याच लाव्ह्याचा. काही शास्त्रज्ञ थोडा दोष त्यालाही देतात.”

ओवीने एवढंच ऐकलं आणि आख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “म्हणजे आजीच्या गावाने डायनासोर मारले?”

नशीब, मराठीत विचारलं. तरी कोपऱ्यातल्या एका जोडप्याने चटकन वळून आईकडे पाहिलं. बहुधा साताऱ्याकडचे असावेत.

“आम्ही नव्हतो हो तेव्हा,” आईने त्यांना परस्पर सांगून टाकलं. पण तिचं मन मानेना. कठड्यापाशी जाऊन तिने टी. रेक्सला हात जोडले. “चुकलंमाकलं पोटात घाल रे बाबा.”

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. माफ केलं असावं, असं वाटलं.

मग तो डरकाळला. चिनू डोक्यावरून म्हणाला, “आजी, त्याला थालीपीठ दे.”