‘तो आमचा माणूस नव्हे’

म्हापशाच्या आजूबाजूला, पर्ऱ्यापासून धुळेरपर्यंत, जिकडे बघावं तिकडे स्लॅब चढताहेत. एखादा सेंट्रिंगवाला परांचीवरून खाली पडला की बिल्डरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘तो आमचा माणूस नव्हे, कंत्राटदाराचा.’ कंत्राटदार म्हणतो, मुकादमाने आणला. मुकादमाचा फोन बंद. जखमी गोमेकॉ इस्पितळात, आणि त्याचा भाऊ गदगहून निघालेल्या बसमध्ये.

हे वाक्य आता पुरे झालं. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने तेव्हाच सांगून टाकलं की आपल्या धंद्यातलं काम कंत्राटावर दिलं, तरी त्या कामावरच्या माणसाची भरपाई काम देणाऱ्याने द्यायची. मागाहून ती कंत्राटदाराकडून वसूल करा, तो तुमचा आपसातला मामला. इमारती बांधून फ्लॅट विकणं हाच ज्याचा धंदा, त्याला हात झटकता येत नाहीत. स्वतःचं राहतं घर बांधणारा मात्र या कलमातून सुटतो. तिथे कंत्राटदारालाच धरावं लागतं. ही फट मला मुळीच पटत नाही.

मग येतं पाकीट. इस्पितळाच्या व्हरांड्यात थोडी रोकड, स्टॅम्पपेपरवर अंगठा, गावापर्यंत अॅम्ब्युलन्स, की प्रकरण मिटलं! मिटत नाही. माणूस गेला असेल तर वारसांच्या हाती परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरलाच जात नाही. रक्कम कामगार भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. हक्क सोडल्याची सही तर निव्वळ रद्दी. पाकिटातल्या रकमेशी खरा आकडा ताडून बघा: भरपाईसाठी महिन्याचं वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरतात. त्याचं निम्मं 7,500, गुणिले पंचविशीतल्या माणसासाठी कायद्यातला गुणक 216.91. म्हणजे 16,26,825 रुपये. महिनाभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण मृत्यूला निम्मं आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 60 टक्के वेतन हा हिशेब बदललेला नाही.

‘बेल्ट लावला नव्हता’, ‘प्यायला होता’ ही कारणंही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर चालत नाहीत.

अपंगत्व कशाला म्हणायचं, यावरही मालक भांडतात. 1968 साली एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला, डावा हात कोपरापासून गेला. मालकाचं म्हणणं, हे अपंगत्व अर्धवटच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1975 मध्ये सांगितलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. आणि भरपाई देणं लागतं ते निकालाच्या दिवसापासून नव्हे, अपघाताच्या दिवसापासून. म्हापशातल्या प्रत्येक साईट ऑफिसात हा निकाल चिकटवून ठेवावा असं मला वाटतं.

कायदा इतका उघड बाजूने असताना पैसे का मिळत नाहीत? माणूस कामावर होता याचा कागदच नसतो म्हणून. 4 जानेवारी 2014 रोजी काणकोणात, चावडीवर, रुबी रेसिडेन्सी ही अर्धवट बांधलेली इमारत कोसळली. 31 कामगार मेले. आत नेमके किती जण होते, हे त्या दिवशी कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. हजेरीच्या वहीत ज्याचं नाव नाही, त्याच्या बायकोने आयुक्तांपुढे काय दाखवायचं?

बांधकाम कामगार कल्याण मंडळासाठी बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर घेतला जातो. पण वर्षात 90 दिवस काम केल्याचं दाखवता आलं तरच मंडळात नोंदणी, म्हणजे तिथेही अडतं ते त्याच वहीपाशी. गवंड्यांनो, बिगाऱ्यांनो, मजुरी मोबाईलवर घ्या, हजेरीच्या पानाचा फोटो काढून घरी पाठवा. आणि म्हापसा पालिकेने, पेडणे-डिचोलीतल्या पंचायतींनीही, ऑक्युपन्सीचा दाखला देण्याआधी बिल्डरकडून दोनच गोष्टी मागाव्यात: संपूर्ण कामाचा हजेरीपट, आणि जखमी-मृतांच्या भरपाईच्या पावत्या.