चोराला सात दिवसांची मुदत

ऑगस्ट 2024मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्याही वर चढली, मगरी वडोदऱ्याच्या सोसायट्यांत फिरून गेल्या, आणि तिथल्या मकरपुऱ्यात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही सामानाच्या विम्याची आठवण झाली. चौथ्या मजल्यावर मगर येत नाही, हे खरं. पण पाचव्यावर शेजारी राहतात. त्यांचा पाइप फुटला तर ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची पॉलिसी भरपाई देते. त्यांच्या बाथरूममधून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी मात्र झीज ठरतं. म्हणजे शेजाऱ्यांनी नुकसान करायचंच तर धडाक्यात करावं.

‘सोसायटीचा विमा आहे की!’ असं म्हणणारे एक काका प्रत्येक सभेत असतात. काका, तो भिंतींचा. फ्रिज, सोफा आणि लग्नात आलेला, अजून खोक्यातच असलेला डिनर सेट आपला आपण सांभाळायचा. ‘भारत गृह रक्षा’खाली स्वतःच्या फ्लॅटचा विमा काढला, तर त्या रकमेच्या 20 टक्के, फार तर 10 लाखांपर्यंत, सामान आपोआप धरलं जातं. दागिने वेगळे सांगावे लागतात. सांगायचे म्हणजे यादी आली, आणि यादी आली की सासूबाईंनी कोणत्या सुनेला काय दिलं तेही बाहेर आलं. त्यापेक्षा चोर परवडला.

चोरीची तर गंमतच आहे. या पॉलिसीत ती भरून मिळते, पण आग, पूर, भूकंप अशा संकटापायी आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेलीच. एरवीच्या घरफोडीसाठी निराळा विमा. मकरपुऱ्यातल्या चोरांना ही अट अजून कुणी समजावून सांगितलेली दिसत नाही.