गिरडच्या मांडवात ग्लास उंचावू पाहणाऱ्या वरमित्रास अनावृत पत्र

स्कॉटलंडहून खास सुट्टी काढून निघालेले, ऐन वैशाखात सूट शिवून घेतलेले व त्या सुटाच्या आतल्या खिशात भाषण बाळगून असलेले श्रीयुत वरमित्र यांच्या सेवेशी कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

मौजे गिरड, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा येथील विवाहात अक्षता पडताच स्कॉटिश पद्धतीचा 'टोस्ट', म्हणजे वधूवरांच्या नावे प्याला उंचावून केलेले छोटेखानी भाषण व त्यामागोमाग सर्व उपस्थितांनी मिळून घेतलेला घोट, सादर करण्याचा जो मानस वरमित्रांनी जाहीर केला आहे, त्याचे स्वागत करणे हे या पत्राचे पहिले कर्तव्य होय. तो मानस तडीस जाण्याच्या वाटेवरील किरकोळ अडचणी नजरेस आणून देणे हे दुसरे.

पहिली अडचण प्याल्यात काय असावे ही आहे. स्कॉच या नावाला पात्र ठरण्यासाठी मद्याने स्कॉटलंडच्याच भूमीवर ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे काढलेली असावीत आणि त्यात मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी नसावे, असा त्या देशाचा कायदा आहे. परंतु इतक्या शिस्तीत वाढलेल्या या पाहुण्याला वर्धा जिल्ह्याच्या हद्दीवर मज्जाव आहे, कारण १९३६ साली गांधीजी ज्या जिल्ह्यातील सेवाग्रामी राहावयास आले आणि ज्याच्या पवनारात विनोबांनी आश्रम मांडला, त्या जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी लागू आहे. बंदी आहे म्हणून जिल्ह्यात कोणाचाच घसा ओला होत नाही असे मानणारा अभ्यासक भाबडा ठरेल हे खरे; तथापि वरातीच्या शेपटाला, डीजेच्या गाडीमागे जे घडते ते गावाच्या लेखी घडलेलेच नसते, आणि नवरदेवाच्या आजोबांसमोर, माइकवरून पुकारून जे घडेल ते मात्र पुढच्या तीन पिढ्यांच्या सोयरिकींत निघत राहील. सबब प्याल्यात मठ्ठा असावा, अशी नम्र सूचना आहे. स्कॉटलंडमध्ये प्याला उंचावताना 'स्लांजे वा' असे म्हणतात व त्यात समोरच्याच्या आरोग्याची कामना असते; आरोग्याच्या नावाने व्हिस्की पिण्यातील जी विसंगती खुद्द त्या देशाला शतकानुशतके मिटवता आली नाही, ती आले, कोथिंबीर आणि जिरे घातलेल्या मठ्ठ्याने गिरडला आपोआप मिटेल.

दुसरी अडचण आसनव्यवस्थेची आहे. टोस्टचा सर्वांत मानाचा प्रकार 'हायलँड ऑनर्स' या नावाने ओळखला जातो आणि त्यात वक्ता एक पाय खुर्चीवर व दुसरा थेट मेजावर ठेवून प्याला उंचावतो. गिरडच्या मांडवातील खुर्ची प्लॅस्टिकची असून तिच्या पाठीवर बिछायत केंद्राचे नाव रंगवलेले असते. मेज म्हणून जे दिसते ते लोखंडी घडीच्या पायांवर टाकलेले फळकूट असते, ज्यावरील झालरीचे सॅटिन टाचण्यांनी अडकवलेले असते आणि ज्याचा एक पाय समतल करण्यासाठी खाली विटेचा तुकडा सरकवलेला असतो. अशा मेजावर पाय ठेवणारा वक्ता वधूवरांना दीर्घायुष्य चिंतीपर्यंत स्वतः कितपत उभा राहील, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या कक्षेत येत असल्याने या पत्राने त्यात पडू नये हे बरे.

तिसरी अडचण आशयाची. स्कॉट लोकांचा एक लाडका टोस्ट असा की, आपल्या तोडीचे लोक जगात मोजकेच झाले आणि ते सगळे मरून गेले. त्यातील आत्मप्रौढी गिरडकरांना सहज पचेल. मात्र हळदीच्या अंगाने उभ्या असलेल्या नवरदेवासमोर मेलेल्यांचा उल्लेख होताच मांडवातील आत्याबाई कोणत्या शब्दांत त्याची दखल घेतील, हे छापण्याजोगे नाही.

याउपर वरमित्रांनी खचून जाऊ नये, कारण विदर्भाचे स्कॉटलंडशी नाते जुने आहे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी व हौशी भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप हे नागपुरास राहिले आणि टाकळघाटची शिलावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची रिंगणे, पाहून परतताना सप्टेंबर १८६३ मध्ये बोरीजवळ नाल्याच्या पुरात बुडून वारले. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांतून रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली जो ग्रंथ संपादून काढला, त्यात गोंडांचा धर्मसंस्थापक मानल्या जाणाऱ्या लिंगोचे गीत आहे आणि लिंगोने लग्नाचे विधी कसे घालून दिले हेही त्यात आहे. इकडे आलेल्या त्या स्कॉटने आपला प्याला पुढे करण्याआधी येथील लोक लग्नात काय म्हणतात ते वहीत उतरवून घेतले, याची वरमित्रांनी विमानात बसल्या बसल्या नोंद घ्यावी.

तरीही टोस्ट व्हावाच, असे या पत्राचे आग्रहाचे म्हणणे आहे, आणि येथे उपरोध थोडा बाजूला ठेवणे भाग आहे. विदर्भातील लग्नात माइकची वाण कधीच नसते: मुहूर्त टळून घटका उलटली तरी आजी आमदार, माजी सभापती, बँकेचे संचालक आणि भावी सरपंच क्रमाने 'शुभाशीर्वादपर दोन शब्द' बोलतात, ज्यांतील नवरदेवाचे नाव तेवढे पत्रिकेकडे पाहून घेतलेले असते. उलट ज्याने बिछायतवाल्याला इसार दिला, जानोशावर म्हणजे वऱ्हाडाच्या मुक्कामाच्या जागी पाण्याचे ड्रम पोचवले, आहेराची वही मांडीवर घेऊन भर उन्हात पाकिटे फोडली व रात्री दोन वाजता रुसलेल्या जावईबापूंना जेवायला बसवले, त्या मित्राचे नाव पत्रिकेच्या तळाशी 'समस्त मित्रपरिवार' या दोन शब्दांत विरघळून जाते. स्कॉटलंडमध्ये लग्नाला १६ वर्षांवरील दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतील एक बहुधा वराचा पाठराखा मित्रच असतो, ज्याला पुढे बोलण्याचा, वराची यथेच्छ टर उडवण्याचा व त्याच दमात त्याचे ऋण मान्य करण्याचा रीतसर हक्क असतो. मराठी मैत्रीत आभार मानू जाणाऱ्याला 'परका समजतोस का?' असे दटावून गप्प केले जाते; हा शिष्टाचार प्रेमळ खराच, पण तो दोन्ही बाजूंना फार सोयीचा पडतो, आणि त्यामुळे जे वीस वर्षे मनात असते ते बोलायचे राहून जाते. तेव्हा भावी सरपंचांच्या वेळेतील चार मिनिटे कापून ती वरमित्रांना देण्यात यावीत, अशी यजमानांना या पत्राद्वारे शिफारस करण्यात येत आहे.

थट्टेच्या मात्रेबाबत मात्र गिरडचा एक स्थानिक दाखला ध्यानी घ्यावा लागेल. शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीवर जिओलाइट नावाच्या खनिजाचे गोल खडे विखुरलेले आढळतात. हिंदू-मुसलमान भाविकांत चालत आलेली कथा अशी की, दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी या फकिराची कुचेष्टा केली म्हणून त्यांचा सगळा माल दगड झाला, ते हेच खडे. पुढे त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा फकिराने वाळक्या पानांचा नवा माल करून दिला, आणि ते व्यापारी जन्मभर फकिराच्याच सेवेत राहिले. टेकडीवरील दोन कबरी त्यांच्या म्हणून दाखवतात. या दाखल्यानुसार नवरदेवाच्या टकलापासून त्याच्या इंजिनिअरिंगच्या राहिलेल्या विषयांपर्यंत सर्व काही बोलण्यास वरमित्र मोकळे आहेत. मात्र भाषण संपताच सुटाचा कोट खुर्चीला अडकवून त्यांनी पंगतीत वाढायला उतरावे. वांग्याच्या भाजीची बादली पोरे पळवतात, म्हणून वरणाची आधीच त्यांच्या नावे राखून ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा.