अंबाड्यात अडकलेली मीटिंग

ठाण्याची गाडी पकडायला जुईनगरच्या जिन्यावरून धावणं संपलं, म्हणून आमच्या शेजारीणबाई खूश होत्या. कंपनीने घरी व्हीआर हेडसेटचं एक डबडं पाठवलं होतं. डोळ्यांवर चढवा, डोक्याला बांधा, ऑफिसात पोचा!

पट्टा अंबाड्यावर बसेना.

अंबाडा सोडला, क्लिप काढली, पट्टा आवळला. विसाव्या मिनिटाला मळमळ. साहेबांचं निदान तयारच होतं : ‘बायकांना हे झेपत नाही.’ घाटात खिडकीची जागा भांडून घेणारे हेच साहेब. पण ते वेगळं!

२०१७ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी असं यंत्र बांधून लोकांना गेम खेळायला लावला. १८ बायकांपैकी १४ जणींना मळमळलं, १८ पुरुषांपैकी सहा जणांना. साहेब, टाळ्या वाजवू नका. २०२० मध्ये के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी भिंगं तपासली. बायकांच्या दोन बुबुळांतलं अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा दोनेक मिलिमीटर कमी असतं. भिंगांमधलं अंतर त्याच्याशी जुळलं, तेव्हा बायकांचा त्रास पुरुषांइतकाच निघाला.

दोन मिलिमीटर! आमच्या नाक्यावरची शिलाईवाली मावशीसुद्धा माप घेतल्याशिवाय ब्लाउज बेतत नाही.

बरं, आत गेल्यावर तरी शेजारीणबाईंना काय दिसलं? सगळे कमरेपासून वर. कंटाळा आला तर उठून जायला पाय नाहीत. आणि बोलत होते कोण? नेहमीचेच तिघे.

२०१० साली ‘सायन्स’मध्ये अनिता वूली यांचा अभ्यास आला होता. ज्या गटांत बोलायची पाळी सगळ्यांना मिळते आणि बायका जास्त असतात, ते गट एकत्र डोकं चांगलं चालवतात. हे साहेबांना पाठवावं का? नको. पुढच्या मीटिंगमध्ये तेच अर्धा तास वाचून दाखवतील.

आभासी जगात लगट होते, अशा तक्रारी बायकांनी केल्या. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेटा कंपनीने प्रत्येक बाहुल्याभोवती अदृश्य कुंपण घातलं. दोघांत अंतर चार फूट. केवढं कौतुक झालं! अहो, चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला सुटली.

कॅलिफोर्नियाला लेडीज स्पेशल कळायला तीस वर्षं लागली.

तेव्हा बायांनो, कंपनीचं डबडं दारात आलं की आधी भिंगं सरकवायचा खटका शोधा. नसेल, तर खोक्याची चिकटपट्टीही न फाडता परत पाठवा. कारण विचारलं तर लिहा : ‘माप चुकलंय.’