बॉर्डर सलामत तर नकाशे पचास

आधी बॉर्डर, मग बॉर्डरीतून उरलेल्या जागेत घर, हे ज्याला उमगले त्याला ड्राफ्टिंग आले. अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या टॉवर चौकापर्यंत, जिथे जिथे ऑटोकॅडवर नकाशे निघतात तिथे तिथे हे व्रत पाळणारे कसबी लोक बसले आहेत. अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. शीट ड्रॉइंग बोर्डावर लावली की पहिली रेघ बॉर्डरीची, हा धडा पोरे तेव्हापासून गिरवतात. काही गुणी मंडळी पुढच्या धड्याला गेलीच नाहीत. हा लेख त्यांच्या गौरवासाठी.

ऑटोकॅड बाजारात आले १९८२ च्या डिसेंबरात. १९९० मध्ये त्यात पेपर स्पेसची सोय झाली. घर मॉडेल स्पेसमध्ये खऱ्या मापाने काढायचे, बॉर्डर कागदावर कागदाच्याच मापाची लावायची आणि मधल्या व्ह्यूपोर्टमधून घर शंभरपट लहान करून दाखवायचे. इतके सरळ काम करणे आमच्या माणसाला कमीपणाचे वाटते. तो बॉर्डर उचलतो, थेट मॉडेल स्पेसमध्ये आणतो, स्केल कमांड देऊन शंभरचा आकडा ठोकतो आणि घराभोवती टाकून मोकळा होतो. आता ए-वन कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटरचा. त्याचे शंभरपट म्हणजे ८४.१ बाय ५९.४ मीटर, जवळपास सव्वा एकर! मालकाचा प्लॉट हप्त्याहप्त्याने घेतलेला, तीस बाय पन्नासचा. दीड हजार फुटांच्या धन्याला सव्वा एकराचे कुंपण फुकटात घालून देणारी योजना अजून कोणत्याही सरकारला सुचलेली नाही.

बरे, कुंपण साधे नसते. दुहेरी रेघ, कोपऱ्यांत नक्षी, वर मधोमध ‘श्री’, आणि फर्मचे नाव जोत्याच्या रेघेपेक्षा जाड. ही बॉर्डर वारसाहक्काने एका फाइलीतून दुसरीत जाते. म्हणून कधी कधी दुमजली घराच्या टायटल ब्लॉकमध्ये कुठल्याशा गोडाऊनच्या मालकाचे नाव निघते. कॉर्पोरेशनमधला बाबू ते पाहतो, गालात हसतो आणि फाइल परत पाठवतो. तेवढाच एक हेलपाटा वाढतो, ओळख वाढते.

खरी कसोटी प्रिंटच्या वेळी. प्रिंटर कागदाच्या काठापर्यंत शाई टाकत नाही, चारही बाजूंना थोडी जागा कोरी सोडतो. आमची बॉर्डर मात्र काठाला काठ भिडवून आखलेली.

“भाऊ, उजवीकडची लाइन कटून राह्यली.”

“फिट टू पेपर मार ना, होऊन जाते.”

आणि होऊन जाते! फिट टू पेपरवर टिक केली की स्केलचा रकाना आपणहून फिका पडतो, आता तुमचे काही काम नाही म्हणून समजुतीने बाजूला होतो. टायटल ब्लॉकमध्ये ‘स्केल १:१००’ तसेच राहते. ते खोडायला कोणाला वेळ आहे?

साइटवर तर ए-फोरच जातो, कारण तो खिशात मावतो. ए-वनचा ए-फोर झाला की सगळे साधारण एक तृतीयांशावर येते. स्केलपट्टी लावून मोजले तर दहा बाय बाराची बेडरूम साडेतीन बाय सव्वाचार फूट भरते. एवढ्या जागेत नवराबायकोने भांडायचे ठरवले तरी आळीपाळीने उभे राहावे लागेल. कुटुंबे जोडून ठेवणारे असे वास्तुशास्त्र दुसरीकडे सापडायचे नाही.

भारतीय मानकांत आयएस १०७११ नावाचा एक रुक्ष कागद आहे. डावीकडे २० मिलिमीटर आणि बाकी तीन बाजूंना १० मिलिमीटर समास सोडा, असे तो सांगतो. डावीकडची जादा जागा फाइलीत लावण्यासाठी. आमच्याकडे चारही बाजूंना समान न्याय. मग फाइल लावताना पंच पडतो तो नेमका किचनच्या ओट्यावर. धूर जायला वाट झाली.

राहता राहिला मेस्त्री. अडीच मिलिमीटरची अक्षरे ए-फोरवर एक मिलिमीटरच्याही आत येतात, तेव्हा तो स्लॅबवरून फोन लावतो.

“साहेब, हॉलचं माप किती धरू?”

“नकाशात पाहा ना भाऊ.”

“नकाशात काही वाचताच येऊन नाही राह्यलं जी.”

“बॉर्डर आली ना बरोबर?”

“बॉर्डर एकदम टकाटक, साहेब.”